बाशिंगावर हेल्मेट

१ जानेवारी २०१२, रविवार. सकाळी ११.४०
सहाला उठून रोजनिशी सुरू करायची होती. उठलो. सहाला नाही, पण उठलो.

डायरी कंपनीत एका केमिकलवाल्याने दिली. दर पानाखाली एकेका आम्लाची घनता छापली आहे. कोणी वाचणार नाही म्हणून खरंखरं लिहिणार.

गेल्या रविवारी गव्हाणला मुलगी बघितली. रिया. पनवेलच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. पसंत आहे. तिलाही मी पसंत असणार, कारण तिने माझ्याकडे तीनदा बघितलं. तिच्या वडिलांनी, दादूशेठनी, छंद विचारला. तोंडातून निघून गेलं, बीएमएक्स. आदल्या दिवशी स्पोर्ट्स चॅनलवर दोन तास तेच बघत होतो. दोन तास बघितलं म्हणजे छंदच झाला. दादूशेठ म्हणाले, म्हंजे काय वो? मी म्हणालो, सायकल असते, उड्या मारतात, लग्नात त्याच्यावरूनच मंडपात एन्ट्री घेणार आहे, बघा. सगळे हसले. कौतुकाने.

मग आम्हाला दोघांना मागच्या अंगणात दहा मिनिटं दिली. रिया म्हणाली, माझं एकच आहे, नोकरी सोडणार नाही, तुम्हाला चालेल ना? मी म्हणालो, धावेल. ती म्हणाली, मग तुमच्या आईंना तुम्ही स्वतः सांगा, मध्यस्थाकरवी नको, लग्नाआधी सांगा. मी म्हणालो, एका मिनिटाचं काम.

लग्न ६ मे. म्हणजे संकल्प दोन. एक, बीएमएक्स शिकणे. दोन, आईला सांगणे. दुसरा सोपा आहे, आज संध्याकाळीच उरकतो.

रात्री ९.१५
आई सिरियल बघत होती. सिरियलमधली सून नोकरी करते आणि तिच्यामुळे घर फुटतं. आज नको.

८ जानेवारी, रविवार
सायकल आली! पनवेलच्या झुबेरकडून घेतली. झुबेर नऊ वर्षं शारजाला सायकलच्या शोरूममध्ये होता, परत येताना कार्गोतून ब्लँकेटं, टँगचे डबे, अत्तरं आणि ही बीएमएक्स घेऊन आला. घरात कोणी चालवेना.

झुबेरने सगळ्या स्टाईल समजावल्या. फ्लॅटलँड म्हणजे सपाट जमिनीवर सायकलचा नाच. स्ट्रीट म्हणजे रस्त्यावरचे कठडे, पायऱ्या, रेलिंग यांच्यावरून. व्हर्ट म्हणजे उभ्या गोल भिंतीवर चढून हवेत. डर्ट म्हणजे मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या. आणि रेसिंग. मी विचारलं, तू कुठली करायचास? तो म्हणाला, तौबा, मी फक्त खोके उघडायचो, पण मियाँ, नऊ वर्षांत हजार सायकली जोडल्यात, नजरेत सगळं आहे. असा गुरू नशिबाने मिळतो.

घरी आणली. आईने फेरी मारून बघितली. ना मडगार्ड, ना स्टँड, ना कॅरियर, ना घंटी. म्हणाली, अर्धीच दिली काय रं? बाकीची कदी देनार हाय तो?

चाकांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्या बाहेर आल्यात. त्यांना पेग म्हणतात. त्यांवर उभं राहून स्टंट करतात. आई म्हणाली, हे बरं हाय, पिशव्या अडकवायला.

सीट इतकी खाली की गुडघे हनुवटीला लागतात. सवयीचा भाग आहे.

१२ जानेवारी, गुरुवार
आधी बेसिक. बनी हॉप. दोन्ही चाकं एकदम जमिनीवरून उचलायची. बळीराम मोजायला आला होता. बळीराम म्हणजे माझा शेजारी आणि कंपनीत माझ्याच शिफ्टला, त्यामुळे सुटका नाही. त्याने जमिनीवर एक चप्पल ठेवली आणि म्हणाला, हिच्यावरून.

प्रगती: एक चाक उचललं जातं. दुसऱ्याचं काम सुरू आहे.

चप्पल बळीरामची होती. अंगठा तुटला.

१५ जानेवारी, रविवार
फ्लॅटलँडने सुरुवात करायची ठरवलं. कारण सरळ आहे, त्यात पडलो तरी फार खाली जायचं नसतं. जागा: आमची गच्ची.

पुढच्या पेगवर एक पाय, मागचं चाक हवेत, आणि स्वतःभोवती गिरकी. टीव्हीवरचा माणूस सहा गिरक्या घेतो. मी अर्धी घेतली. उरलेल्या अर्ध्या गिरकीच्या जागी आईची सुकट वाळत होती. दोन साड्या भरून. अंगाने, कोपराने आणि मागच्या चाकाने मी त्या सुकटीतून आरपार गेलो.

आई वर आली. काय बोलली ते लिहीत नाही, डायरी नवीन आहे.

नोकरीचा विषय आजच काढणार होतो. वातावरण योग्य नव्हतं.

१८ जानेवारी, बुधवार
तीन दिवस झाले, टायर धुतोय. वास जात नाही. सकाळी कंपनीत निघालो तर मागे चार मांजरं. वॉचमनने गेटवर विचारलं, तुमचीच का? मी म्हणालो नाही. मांजरं सुट्टीपर्यंत थांबली.

फ्लॅटलँडचा विचार सोडला. ती मुळात नाचाची स्टाईल आहे. लग्नात नाचायला माणसं पुष्कळ असतात, नवरदेवाने झेप घ्यायची असते.

रियाचा फोन. सांगितलं का? मी म्हणालो, जवळजवळ.

५ फेब्रुवारी, रविवार. दुपार
स्ट्रीट! हीच माझी स्टाईल. आपण रस्त्यावरची माणसं.

सकाळी सातला निघालो. बसस्टॉपचा लोखंडी कठडा हेरून ठेवला होता, त्याच्यावर पेग चढवून घसरत जायचं. मागे सरकलो, श्वास घेतला, तेवढ्यात मागून कोणी खांदा धरला. गंगाबाई. आमच्या गावातली, मासे विकते. डोक्यावर टोपली, टोपलीत बोंबील. म्हणाली, बस कवाची येत नाय, बरं झालं तू आलास, आन हे काय, उभं रायला पाइप पन लावलेत, हुशार झालास पोरा.

आणि चढली.

तिला खाली उतर म्हणायला तोंड उघडलं, पण गंगाबाईने मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय. आता तिची पाळी. पेगवर उभी, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा टोपलीला. खारघरच्या बाजारापर्यंत नेली. वाटेत स्पीडब्रेकर आला तेव्हा दोन्ही चाकं एकदम उचलली गेली! कसम से! बनी हॉप! गंगाबाई साक्षीला आहे. तीन बोंबील उडाले, त्यांचे पैसे तिने उतरताना मोजून घेतले.

१२ फेब्रुवारी, रविवार
आज बसस्टॉपवर गंगाबाई आणि आणखी दोघी उभ्या होत्या. रांगेत. मी दुरूनच वळलो.

स्ट्रीट स्टाईलला आपल्याकडे भवितव्य नाही. जनता फार मध्ये येते.

१९ फेब्रुवारी, रविवार
व्हर्ट. तळोज्याच्या रस्त्याला पाण्याच्या लाईनचे सिमेंटचे मोठाले पाइप येऊन पडलेत. आत माणूस उभा राहतो. अमेरिकेत यासाठी खास रॅम्प बांधतात, आपल्याला सरकारने आणून ठेवलाय.

सुरक्षेची पूर्ण काळजी: कंपनीचं पिवळं सेफ्टी हेल्मेट.

आत शिरलो. एका बाजूला चढायचं, उतरायचं, दुसऱ्या बाजूला चढायचं. पहिल्या बाजूला चढलो. तिथे छत सुरू झालं. हेल्मेट आदळलं आणि पाइपमध्ये असा घणघणाट झाला की पलीकडच्या तोंडाशी बसलेलं जोडपं उठून पळालं. पळता पळता मुलगी ओरडली, सिक्युरिटी आली. पिवळ्या हेल्मेटमुळे. मीही घाबरून त्यांच्यामागे पळालो, म्हणून ते आणखी जोरात पळाले.

निष्कर्ष: पाइपचा व्यास चुकीचा आहे. टेंडर काढताना कुणाला विचारत नाहीत.

आईला आज सांगणार होतो, पण कानात रात्रीपर्यंत घणघणत होतं. ती काय उत्तर देते ते ऐकू आलं नसतं.

१ मार्च, गुरुवार
रियाने आज फोनवर वेगळ्याच आवाजात विचारलं. म्हणाली, मेट्रन विचारतायत, लग्नानंतर कधीपासून येणार. रजा २० मेपर्यंत मिळेल. २१ ला सकाळी आठला हजर झाले नाही तर जागा दुसरीला देणार, मी काय सांगू?

मी म्हणालो, सांग येणार म्हणून.

ती म्हणाली, आई हो म्हणाल्या?

मी म्हणालो, हो म्हणतीलच.

 ती म्हणाली, तुम्ही त्यांना घाबरता का?

हसलो. जो माणूस व्हर्ट करतो तो घाबरेल? पण आईचं लोकांना माहीत नाही. आई पापलेटचा भाव करायला बसते तेव्हा कोळणी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायच्या थांबतात. बाबा गेल्यावर हे घर तिने एकटीने उभं केलं. तिला नाही म्हणायचं वळणच लागलेलं नाही या घराला.

११ मार्च, रविवार
डर्ट! मला आधी का सुचलं नाही. गव्हाणच्या बाजूला खाडीलगत भराव टाकलाय, मातीचे मोठे ढीग. ओळीने. जणू माझ्यासाठी.

बळीरामला नेलं. पहिल्या ढिगाऱ्यावर चढलो, वेग पकडला, उडालो. खरंच उडालो. वर असताना मला खाडी दिसली, पलीकडचं तिवरांचं बन दिसलं, आणि ज्यावर उतरायचं तो दुसरा ढिगारा दिसला नाही. तो त्यांनी सकाळीच पसरला होता. त्याच्या पुढे चिखल.

कमरेपर्यंत रुतलो. बळीराम दोरी शोधायला म्हणून गेला आणि बराच वेळ लांबून हसण्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात बांधावरून कोण यावं? दादूशेठ. होणारे सासरे. हातात बादली. मला बघून थबकले. म्हणाले, जावई, निवट्या पकडताय?

निवट्या म्हणजे चिखलात बिळं करून राहणारे ते छोटे मासे. हातानेच पकडावे लागतात, येरागबाळ्याचं काम नाही. मी म्हणालो, हो.

दादूशेठचे डोळे भरून आले. म्हणाले, आताच्या पोरांना हे येत नाय, आमाला वाटलं तुमी नुस्ते सायकलवाले. मग स्वतः चिखलात उतरले, मला बाहेर काढलं आणि आपल्या बादलीतल्या निम्म्या निवट्या मला दिल्या.

निवट्यांचं कालवण आईला फार आवडलं. एवढी खूश होती की आज सांगायला हरकत नव्हती. पण इतकी खूश असताना तिचा मूड कशाला घालवा?

१८ मार्च, रविवार
दादूशेठचा फोन. पुढच्या ओहोटीला या, सोबत जाऊ निवट्यांना. मी सेकंड शिफ्टचं कारण सांगितलं. ते म्हणाले, मग तुमची शिफ्ट कदी नाय ते सांगा.

शिवाय त्या निवट्यांचा काटा बोटात गेलाय. डर्ट बंद.

राहिली रेसिंग. झुबेरला विचारलं. तो म्हणाला, रेसिंगला आठ जण लागतात. मी म्हणालो, लग्नात वर एकच असतो. तो म्हणाला, मग इन्शाल्ला पहिला येशील.

१ एप्रिल, रविवार
अंतिम योजना ठरली. सर्व स्टाईलचा अभ्यास झाल्यावर माझी स्वतःची स्टाईल तयार झाली आहे. प्लायवूडचा रॅम्प, मंडपाच्या दारापासून वीस पावलांवर. पेडलं मारत येणार, रॅम्प, हवेत, आणि थेट स्टेजवर. डीजेवाल्याला सांगून ठेवलंय, मी हवेत असताना म्युझिक बंद, टेकलो की सुरू.

बळीराम म्हणाला, आणि नाही टेकलास तर? मी म्हणालो, नकारात्मक विचार नको.

प्रॅक्टिससाठी मागच्या पडवीत रॅम्प बांधला. सध्या त्यावरून सायकल हाताने ढकलत नेतो. रस्त्याची ओळख होते.

८ एप्रिल, रविवार
घरात बैठक. भीमाबाई आली होती. ती धवलारीण. आमच्यात लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, ती म्हणते, आणि तिने मान हलवल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. मुद्दा: हेल्मेट.

भीमाबाई म्हणाली, नवरदेवाच्या डोक्यावर बाशिंग. बाशिंगाच्या वर काय येनार नाय. मी म्हणालो, बाशिंगावर हेल्मेट नको, हेल्मेटवर बाशिंग बांधू. ती विचारात पडली. असा प्रश्न तिच्या चाळीस वर्षांत आलाच नव्हता. शेवटी म्हणाली, बांधून दाखव.

बांधलं. पिवळं हेल्मेट, त्यावर बाशिंग, दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या. बळीराम म्हणाला, सेफ्टी वीकचा गणपती दिसतोस. आई मात्र बघत राहिली. म्हणाली, चांगला दिसतोस रं. मग पदराने डोळे पुसत आत गेली.

मागोमाग किचनमध्ये जाऊन सांगायची हीच वेळ होती. पण मुंडावळ्या हेल्मेटच्या पट्ट्यात अडकल्या होत्या. सुटेपर्यंत तिने कुकर लावला. तीन शिट्ट्यांपर्यंत काही बोलता येत नाही.

२२ एप्रिल, रविवार. वेळ माहीत नाही
बेडवरून घड्याळ दिसत नाही. हॉस्पिटल.

रंगीत तालीम होती. हेल्मेट, बाशिंग, मुंडावळ्या, सगळं. रॅम्पकडे सुसाट निघालो. आजवर शंभर वेळा ढकलत नेली होती, इंचनइंच पाठ. पण मुंडावळ्या बांधून कधीच नव्हती नेली. वारा लागला आणि दोन्हीकडचे मोती डोळ्यांसमोर आले. रॅम्प कुठेय ते मला कळलं, पण त्याच्या बाजूने गेल्यावर. उडालो नाही. नुसता आडवा झालो. उजवा घोटा.

बळीरामने रिक्षात घातलं आणि शहाणपणा करून नेमका रियाच्या हॉस्पिटलात आणला. लग्नाआधी दोन आठवडे नवरदेवाचा घोटा नवरीने पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये हातात धरावा, असं भीमाबाईच्या धवल्यांत कुठे नसेल.

रिया ओरडली नाही. हेल्मेटवरचं बाशिंग तिने अलगद सोडवलं, घडी करून ट्रेमध्ये ठेवलं. डॉक्टर पाय बसवत होते, ती पाय धरून होती. हळूच विचारलं, सांगितलंत का?

मी म्हणालो, ओय ओय ओय!

खरंच दुखत होतं. पण तेवढं नव्हतं.

२४ एप्रिल, मंगळवार
सहा आठवडे प्लास्टर. मुहूर्त हलणार नाही, पत्रिका वाटून झाल्या, डीजे ठरला.

आई काल वॉर्डात आली. दोन तास बसली. रियाला बघत होती. एक म्हातारा सलाइन ओढून काढत होता, रियाने त्याला दोन शब्दांत गप्प केला. रात्रभर कण्हणारी बाई तिला बघून हसली. आईचं लक्ष सगळीकडे. मग आई मोठ्याने, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, आमाला आता घरातच नर्स आली! कशाला पायजे बाहेरची नोकरी? लगीन झाल्यावर ही सोडनारच हाय, आमचा हितेश सांभालायचा हाय तिला.

मेट्रन तिथेच उभ्या होत्या. रिया माझ्याकडे बघत होती.

मी बोलणारच होतो. पण तोंडात थर्मामीटर होतं.

२५ एप्रिल, बुधवार
थर्मामीटर रियाने नंतर काढलं. ताप नव्हता. तिने आकडा लिहिला आणि पुढच्या बेडकडे गेली.

६ मे, रविवार. लग्न
शब्द पाळला. बीएमएक्सवरूनच एन्ट्री!

प्लास्टरचा पाय पुढच्या पेगवर टेकवला (शेवटी पेगचा उपयोग). बळीरामने हँडल धरलं, झुबेरने सीट मागून, दोन मावसभाऊ दोन बाजूंना. हळूहळू मंडपात नेलं. वेग अंदाजे गोगलगाय. हेल्मेट नव्हतं, गरजच नव्हती, फक्त बाशिंग. म्युझिक मी टेकल्यावर सुरू व्हायचं ठरलं होतं. मी टेकलेलोच होतो, त्यामुळे डीजेवाला गोंधळला आणि मंडपाच्या दारापासून स्टेजपर्यंत पूर्ण शांततेत आलो. पुढच्या चाकाचा कुईकुई आवाज सगळ्यांनी ऐकला.

झुबेर म्हणाला, मियाँ, शारजालाही असं कोणी केलं नाही. ही सहावी स्टाईल. खरं आहे.

बळीराम म्हणतो, पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावून रियाच्या आईला विचारलं, पोराला जन्मापासूनच हाय का असं? मत्सर.

दादूशेठनी सगळ्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, आमचे जावई, निवट्यांना फार वस्ताद.

१३ मे, रविवार
घरी. पाय उशीवर. रिया औषधं वेळेवर देते, आईबरोबर भाकऱ्या थापते, हसते. दोघींचं जमतं. म्हणजे विषय आपोआप सुटेल असं दिसतंय. काही गोष्टी बोलल्याने उगाच वाढतात.

झुबेर भेटायला आला. म्हणाला, पाय बरा झाला की पुन्हा फ्लॅटलँडपासून सुरू करू. सुकट पावसाळ्याआधी गच्चीवरून उतरते. जून चांगला.

२० मे, रविवार. संध्याकाळ
आज रियाने कपाटातून युनिफॉर्म काढला. इस्त्री केली. पुन्हा कपाटात ठेवला. माझ्याशेजारी बसली.

मी म्हणालो, बघ, पाय बरा झाला की तुला खरी उडी दाखवतो, यावेळी रॅम्प रुंद बांधू.

ती म्हणाली, मला सायकलवरची उडी कधीच नको होती. मी तुमच्याकडे एकच उडी मागितली होती. हॉलमधून किचनपर्यंत. डिसेंबरपासून मागतेय.

मी म्हणालो, अजून उद्या सकाळ आहे.

ती म्हणाली, हो, आठ वाजेपर्यंत आहे.

रडली नाही. रडली असती तर समजूत काढता आली असती. संकल्प: उद्या सकाळी सहा वाजता. काहीही झालं तरी. कुकर असो, सिरियल असो, थर्मामीटर असो.

२१ मे, सोमवार
सहाला उठलो. खरंच सहाला. वर्षात पहिल्यांदा. कुबड्या घेतल्या.

हॉल ते किचन अकरा पावलं. कुबड्यांनी सतरा. आई ओट्याशी, पाठमोरी.  वाक्य पाठ होतं: आई, रिया नोकरी सोडणार नाही. सहा शब्द पण नाहीत. मागे रिया दारात उभी होती. युनिफॉर्म घातलेला होता, हातात पर्स.

आई वळली. म्हणाली, काय रं, पाय खाली कशाला टेकवलास, काय पायजे?

मी म्हणालो, पाणी.

मागे रियाने श्वास सोडलेला ऐकला. मग ती पुढे आली. माझ्या बाजूने, कुबडीला धक्का न लावता. म्हणाली, आई, ड्यूटीवर जातेय. साडेचारपर्यंत येते. यांच्या गोळ्या टेबलावर काढून ठेवल्यात.

मी ओटा घट्ट धरला.

आईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, जाते म्हंजे? सोडली नायस?

रिया म्हणाली, नाही. मला सोडायची नव्हती.

आई म्हणाली, मंग बोलायचं नाय आधी? चहा तरी घेतलास? आन डबा? थांब, भाकरी बांधून देते. डबा घेऊन रिया गेली. गेट वाजलं.

मग आई मला म्हणाली, मला तर वाटलं तुलाच नको तिची नोकरी. तुझ्या बाबाला आवडायचं नाय बाईनं बाहेर जायचं, म्हनलं पोरगा बापावर गेलाय. तू कदी तोंडच उघडलं नाय. म्हनून मीच गावभर सांगत फिरली, सोडनार हाय, सोडनार हाय. तुझं मन राखायला. तिला पन तसंच वाटलं असल, नाय? तुलाच नको म्हनून.

यावर लिहायला दुपारपर्यंत काही कारण शोधत होतो. सापडलं नाही.

आईने फडताळातून तांब्या काढला आणि पाणी दिलं. प्यायलो.